‘ताजा माल’ म्हणजे किती ताजा?

कापडाच्या बाजारात ‘फ्रेश’ हा शब्द दिवसभर कानावर पडत असतो. तागा फ्रेश आहे, लॉट फ्रेश आहे, सेकंड नाही. आमच्या धंद्यात त्याचा अर्थ एवढाच की मालात डाग नाही, तुटलेला धागा नाही, जोड नाही. असे कापड वर्षभर गोदामात पडून राहिले तरी फ्रेशच राहते. त्यामुळे ताजेपणाची खरी किंमत काय असते, हे आम्हां कापडवाल्यांना सहसा कळत नाही. ते आम्हाला एका वेगळ्याच बाजारात कळले. हा बाजार आहे अमेरिकेतील मऊ कवचाच्या खेकड्यांचा, ज्यांना तिकडे ‘सॉफ्टशेल क्रॅब’ म्हणतात.

वाचक म्हणतील, मालेगावच्या कापडवाल्याला खेकड्याशी काय कर्तव्य? प्रश्न रास्त आहे. आमची मुलगी व जावई अमेरिकेत मेरीलँड राज्यात बाल्टिमोर शहराजवळ राहतात. 2023 च्या मे महिन्यात आम्ही त्यांच्याकडे होतो. जावई रत्नागिरीकडचे, लहानपणापासून खाडीच्या चिंबोऱ्यांवर वाढलेले. आम्ही हनफी, आमच्या घरात खेकडा चालत नाही. याबाबत मसलकामसलकांत मतभेद आहेत, व तो उलेमांचा विषय आहे, कापडवाल्याचा नव्हे. हा लेख खाण्यासंबंधी नसून व्यापारासंबंधी आहे. जावयांना ताजा मऊ खेकडा हवा होता आणि आम्ही पिशवी धरून त्यांच्यामागे दुकानोदुकान हिंडलो. त्या हिंडण्यात जे पाहिले ते आमच्या व्यापारी व कारागीर बंधूंच्या उपयोगाचे वाटले, म्हणून लिहीत आहोत.

प्रथम हा माल काय आहे ते समजून घेतले पाहिजे. मऊ खेकडा ही खेकड्याची वेगळी जात नव्हे. खेकड्याचे कवच त्याच्या अंगाबरोबर वाढत नाही. त्यामुळे साप जसा कात टाकतो तसा खेकडा जुने कवच सोडून बाहेर येतो. चेसापीक उपसागरातील निळा खेकडा आपल्या दोन-तीन वर्षांच्या आयुष्यात वीसएक वेळा असे करतो. बाहेर आला की तो पाणी शोषून फुगतो व आधीपेक्षा सुमारे एक तृतीयांश मोठा होतो. त्या वेळी त्याचे अंग ओल्या चामड्यासारखे मऊ असते. दोन-तीन तासांत वरची त्वचा कागदासारखी होऊ लागते, अर्ध्या दिवसात ती करकरीत होते आणि दोन-तीन दिवसांत कवच पुन्हा घट्ट. म्हणजे ज्या मालाला एवढी किंमत आहे, तो माल तयार झाल्यापासून अवघ्या काही तासांत बाद होतो. त्या तासांत त्याला पाण्यातून बाहेर काढले तरच कवच घट्ट होण्याची क्रिया थांबते.

हे तास ओळखणे हीच तिथल्या मच्छीमारांची कारागिरी. खेकड्याचा शेवटचा पाय वल्ह्यासारखा चपटा असतो. कात टाकण्याची वेळ जवळ आली की त्या पायाच्या कडेला नव्या कवचाची बारीक रेघ दिसू लागते. रेघ पांढरी असेल तर सुमारे दोन आठवडे बाकी आहेत, गुलाबी असेल तर आठवडाभर, व लाल झाली म्हणजे एक ते तीन दिवस. ही रेघ केसाएवढी असते. होडीवर उभा असलेला माणूस हातातल्या खेकड्याकडे क्षणभर बघतो आणि त्याला योग्य टोपलीत टाकतो. आमच्याकडे जुना जाणता कारीगर कापडावरून नुसते बोट फिरवून ताण्या-बाण्यातील दोष सांगतो, तोच हा प्रकार.

लाल रेघेचे खेकडे उथळ, लांब पेट्यांत ठेवतात. त्यांतून पाणी सतत वाहते व वर दिवे जळत असतात. या पेट्यांची पाहणी दर तीन-चार तासांनी करावी लागते, दिवसा आणि रात्रीही. उशीर झाला तर दोन प्रकारे नुकसान. एक तर कवच घट्ट होऊ लागते. दुसरे म्हणजे शेजारचा टणक खेकडा मऊ खेकड्याला खाऊन टाकतो. हंगामभर त्या कुटुंबांना सलग झोप नसते. मेमध्ये पाणी ऊबदार झाले की हंगाम सुरू होतो व सप्टेंबरपर्यंत चालतो. मेमधील पौर्णिमेच्या सुमारास पहिली मोठी कात पडते अशी तिथल्या मच्छीमारांची जुनी समजूत आहे. आमचे जावई यावर हसून म्हणाले, “अब्बा, आमच्याकडेही चिंबोरी भरलेली की पोकळ, हा हिशेब अमावस्या-पौर्णिमेवरच चालतो.”

आता आमच्या शोधाची हकीकत.

पहिल्या दिवशी आम्ही घराजवळच्या एका मोठ्या दुकानात गेलो. बर्फावर मऊ खेकडे छान मांडलेले होते. जवळ जाऊन पाहिले तर चिठ्ठीवर बारीक अक्षरांत आग्नेय आशियातील एका देशाचे नाव होते, व ‘पूर्वी गोठवलेला’ असेही लिहिलेले होते. माल गोठवून आणलेला, वितळवून मांडलेला. पण आम्हाला त्या दुकानाविषयी तक्रार नाही. अमेरिकेत 2005 पासून असा कायदा आहे की किरकोळ दुकानाने मासळी कोणत्या देशातली आहे, ती पाळलेली आहे की समुद्रातून धरलेली, हे गिऱ्हाइकाला लिहून दाखवावे. दुकानाने तसे लिहिले होते. वाचायचे की नाही हा गिऱ्हाइकाचा प्रश्न. मात्र त्या कायद्यात दोन मोठ्या फटी आहेत. पीठ लावून तयार केलेल्या किंवा शिजवलेल्या मालाला तो लागू नाही, आणि उपाहारगृहांनाही तो लागू नाही.

या दुसऱ्या फटीचा अनुभव दुसऱ्याच दिवशी आला. एका उपाहारगृहाच्या दारावर फळा होता: ‘ताजे स्थानिक मऊ खेकडे’. जावयांनी मागवले. वाढणाऱ्या मुलाला त्यांनी नम्रपणे विचारले, हे कुठून आले, कधी आले? मुलगा आत जाऊन आला व म्हणाला, “आजच आले.” कुठून, याचे उत्तर मिळाले नाही. पहिल्याच घासाला जावयांनी मान हलवली. आतले मांस पाणचट, वरची कड चिवट. गोठवून वितळवलेला माल खाडीकाठच्या माणसापासून लपत नाही. बिल मात्र ताज्या मालाचे आले. त्या जागेचे नाव आम्ही लिहिणार नाही. चूक एका जागेची नाही, बाजारभर ही सवय आहे. 2015 मध्ये ओशियाना या संस्थेने त्या भागातील उपाहारगृहांतून ‘क्रॅब केक’, म्हणजे खेकड्याच्या मांसाच्या टिकिया, अशा 90 नमुन्यांची तपासणी केली. स्थानिक निळ्या खेकड्याच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या त्या टिकियांपैकी 38 टक्क्यांत परदेशी जातीचे मांस निघाले.

तिसऱ्या खेपेस आम्ही राजधानी वॉशिंग्टनला गेलो होतो. तेथे नदीकाठी 1805 पासून चालत आलेला उघड्यावरचा मासळी बाजार आहे. त्या बाजारात जिवंत मऊ खेकडे दिसले. पुठ्ठ्याच्या पेटीत ओल्या कागदावर एकाला एक लावून, तोंडे वर करून ठेवलेले. हळूच पाय हलवीत होते, तोंडाशी बुडबुडे होते. विक्रेत्याने मापे सांगितली. ती ऐकून आमच्यातला कापडवाला जागा झाला. आपण कापडाचा पन्हा मोजतो तसे हे लोक खेकड्याची रुंदी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोजतात. साडेतीन ते चार इंच म्हणजे मीडियम, साडेचारपर्यंत होटेल, पाचपर्यंत प्राइम, साडेपाचपर्यंत जम्बो, व त्याहून मोठा तो व्हेल. भाव नगावर किंवा डझनावर, मापाप्रमाणे. मेरीलँडमध्ये साडेतीन इंचांहून लहान मऊ खेकडा ठेवण्यासच मनाई आहे. विक्रेत्याने आपणहून सांगितले, “हे काल रात्री पाण्यातून काढलेले आहेत, परवापर्यंत ठेवू नका.” जावयांनी सहा घेतले. भाव उपाहारगृहाच्या मानाने पुष्कळच कमी पडला.

शेवटी एका रविवारी आम्ही उपसागराच्या पूर्व किनाऱ्यावर क्रिसफील्डला गेलो. हे गाव स्वतःला खेकड्यांची राजधानी म्हणवते. त्याचा काही भाग कालवांच्या शिंपल्यांच्या भरावावर वसलेला आहे. समोर पाण्यात स्मिथ व टँजियर ही बेटे. तिथे पाण्यात खांब रोवून उभारलेल्या लाकडी झोपड्यांतून हे खेकडे सांभाळतात. टँजियरची जमीन समुद्र दरवर्षी थोडी थोडी खात आहे. उपसागरातील खेकड्यांची गणना 1990 पासून दर हिवाळ्यात होते. 2022 मध्ये ती सुमारे 22 कोटी 70 लाख भरली, तोपर्यंतचा सर्वांत कमी आकडा. म्हणजे माल कमी, मेहनत तेवढीच, आणि वर शहरात दुसरा माल त्यांच्या नावाने विकला जातो.

किनाऱ्यावर एका वयस्क मच्छीमाराने आम्हाला आपल्या पेट्या दाखवल्या. आम्ही विचारले, परदेशी मालाचा राग येतो का? तो म्हणाला, “तेही गरीब लोकच पाळतात. राग त्यांचा नाही. राग माझे नाव त्याच्यावर लावणाऱ्याचा.”

हे वाक्य ऐकून आम्हाला आपल्या बाजाराची आठवण झाली, व मान खाली गेली. त्याचे कारण सांगतो. साधारण 1998 ची गोष्ट असेल. आम्ही नुकतेच दुकानाची सूत्रे हाती घेतली होती. एका दलालाने पैठणी धर्तीच्या साड्यांचा लॉट आणला. माल यंत्रमागाचा, पण चिठ्ठ्या हातमागाच्या लावलेल्या. आम्हाला ठाऊक होते. चिठ्ठ्या आम्ही लावल्या नव्हत्या, असे मनाला समजावले व लॉट चढ्या भावाने विकून टाकला. त्याच सुमारास येवल्याकडचे एक जुने विणकर आमच्या दुकानात आले. त्यांनी त्यातली एक साडी उचलली आणि पदर उलटा केला. हातमागाच्या पैठणीचा पदर दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो, यंत्राच्या नकलेत मागे सुटे धागे लोंबतात. त्यांनी ते धागे बोटाने नुसते वर-खाली केले. काही बोलले नाहीत. साडी घडी करून ठेवली, चहाला नको म्हणाले आणि गेले. पुन्हा ते आमच्या दुकानाची पायरी चढले नाहीत. त्या लॉटमधला नफा कशात गेला हे आज आठवत नाही. ते बोट मात्र आठवते.

आमचे स्पष्ट मत असे आहे की यंत्रमाग वाईट नाही. आमच्या मालेगावची, भिवंडीची रोजी त्याच्यावर आहे आणि त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. तसाच गोठवलेला खेकडाही वाईट माल नाही. म्यानमार, थायलंड, व्हिएतनाम येथे एकेका खेकड्याला छिद्रांच्या वेगळ्या प्लॅस्टिक डब्यात ठेवून, डबे पाण्यावर तरंगवून, दिवसरात्र पाहणी करून तो तयार होतो व लगेच गोठवला जातो. त्यातही मेहनत आहे. माल स्वतःच्या नावाने, स्वतःच्या भावाने विकला तर दोघांचेही पोट भरते. दुसऱ्याच्या नावाने विकला की चांगला कारीगर मरतो, कारण त्याचा भाव पडतो. पुढे नकलेचाही भाव पडतो, कारण गिऱ्हाइकाचा त्या नावावरचा विश्वासच उडतो. खळ चढवून भरदार केलेले कापड पहिल्या धुण्यात उघडे पडते. दुसऱ्यांदा तोच गिऱ्हाईक येत नाही, एवढे सोपे हे गणित आहे.

यावर उपाय आहेत. मेरीलँड शासनाने 2012 मध्ये ‘ट्रू ब्लू’ नावाची योजना काढली. वर्षभरात वापरलेल्या खेकड्यांपैकी किमान 75 टक्के माल राज्यातला असल्याचे जे उपाहारगृह दाखवील त्याला हे चिन्ह लावता येते. आपल्याकडेही 1985 चा हातमाग राखीव वस्तूंचा कायदा आहे, 2006 पासून हातमागाचे चिन्ह आहे, पैठणीला भौगोलिक मानांकन आहे. कागदावर आपण मागे नाही. मागे आहोत ते दुकानाच्या गादीवर. चिन्ह मागणारा गिऱ्हाईक नाही, आणि आपणहून दाखवणारा दुकानदार विरळा.

कोकणातील आमच्या बंधूंसाठी येथे दोन शब्द अधिक लिहितो. आपल्या खाड्यांतली चिंबोरी चेसापीकच्या निळ्या खेकड्याहून वेगळ्या जातीची आहे, आग्नेय आशियात मऊ खेकडा बनवतात तो हिच्याच जातकुळीचा. आपल्या बाजारात मात्र कात टाकलेला खेकडा ‘पोकळ’ म्हणून मागे सारतात. गिऱ्हाईक पोट दाबून पाहते आणि टोपलीत परत टाकते. असे पोकळ खेकडे स्वस्तात घेऊन काही आठवडे खाऊ घालून भरदार करण्याचा धंदा आपल्याकडे आहेच. शासनाने 2012 मध्ये कांदळवन कक्ष स्थापन केल्यानंतर किनाऱ्यावरील गावांत खेकडापालनाचे गटही उभे राहिले. आपण जो माल पोकळ म्हणून टाकतो त्याचाच मोठ्या हॉटेलांत चढा भाव होतो, हे ऐकून कोणी या धंद्यात उतरू पाहील. जरूर पाहावे. पण घाईने भांडवल घालू नये. आधी रात्रीची पाहणी कोण करील ते ठरवावे, कारण हा धंदा झोपेवर उधारी चालू देत नाही. शीतगृह व वाहतूक हाताशी आहे का ते पाहावे. घेणाऱ्याशी मापानुसार भाव आधी बोलून घ्यावा. आणि बारीक पिल्ले खाडीतून उपसून आणू नयेत. तामिळनाडूत चिंबोरीच्या पिल्लांची उबवणी होते, तिथे चौकशी करावी. खाडी रिकामी करून उभा राहिलेला धंदा मुलांपर्यंत पोहोचत नाही.

आता गिऱ्हाईक म्हणून आपण काय करावे? आमच्या जावयांनी शिकवलेले चार प्रश्न असे. माल कुठला? पाण्यातून कधी काढला? जिवंत आहे की गोठवलेला? गोठवलेला असेल तर भाव कमी का नाही? दुकानात विचारावेत, उपाहारगृहात तर अवश्य विचारावेत, कारण तिथे चिठ्ठी नसते. हंगामाचेही भान ठेवावे. अमेरिकेत मऊ खेकड्याचा हंगाम दक्षिणेकडे आधी सुरू होतो आणि हळूहळू उत्तरेकडे सरकतो. मार्च-एप्रिलमध्ये बाल्टिमोरच्या फळ्यावर ‘स्थानिक’ लिहिले असेल तर तो माल बहुधा कॅरोलिना किंवा जॉर्जियाकडचा. ताजा असू शकेल, स्थानिक नव्हे. हे दोन शब्द वेगळे आहेत व त्यांची सरमिसळ करूनच पुष्कळ नफा निघतो. आपल्याकडे ‘हापूस’, ‘पैठणी’, ‘हातमाग’ हे शब्द असेच वापरले जातात.

आणि दुकानदार म्हणून? आमचे म्हणणे एवढेच की हे प्रश्न गिऱ्हाइकाने विचारण्याची वाट पाहू नये. वॉशिंग्टनच्या त्या विक्रेत्याने न विचारता सांगितले, काल रात्रीचे आहेत, परवापर्यंत ठेवू नका. त्या एका वाक्यामुळे जावई आता दरवर्षी त्याच्याचकडे जातात, रस्ता तासाभराचा असला तरी. जाहिरातीवर त्याचा पैसाही खर्च झाला नाही.

परत आल्यावर आम्ही दुकानात एक छोटा बदल केला. साडीची घडी उलगडताना आधी उलटी बाजू दाखवतो, मग सुलटी. यंत्रमागाची असेल तर यंत्रमागाची म्हणून सांगतो व भाव तसाच लावतो. पहिल्या काही महिन्यांत विक्री थोडी घटली, हे खरे सांगितले पाहिजे. काही गिऱ्हाइके समोरच्या दुकानात गेली. काही परत आली. येवल्याचे ते विणकर आज हयात आहेत की नाहीत, आम्हाला ठाऊक नाही. असतील आणि कधी आमच्या दुकानावरून गेले, तर त्यांनी आत यावे, पदर उलटा करून पाहावा, आणि या वेळी चहा घ्यावा.